दाजींचं परतीचं भाडं

भारतातली सगळी मालवाहतूक आमच्या दाजींच्या मर्जीवर चालते, असं निदान आमच्या दाजींचं तरी ठाम मत आहे. कांदा महागला तर त्या आठवड्यात त्यांनी कांदा भरायला नकार दिलेला असतो, आणि स्वस्त झाला तर त्यांनी लोकांवर दया केलेली असते. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. लोणी काळभोरला राहतात, एक ट्रक बाळगून आहेत, तो स्वतःच चालवतात, आणि त्यांना 'ड्रायव्हर' म्हटलेलं अजिबात खपत नाही. "ड्रायव्हर दुसऱ्याची गाडी चालवतो. आपली चालवतो त्यो मालक," हे वाक्य त्यांनी आजवर पोलिसांना, टोलनाक्यावरच्या माणसांना, दवाखान्यात केसपेपर लिहिणाऱ्या नर्सबाईंना आणि पहिल्याच भेटीत माझ्या सासऱ्यांना ऐकवलेलं आहे. ह्यात नुसती मिजास नाही. दाजींचे वडील आयुष्यभर हमाल होते. पाठीवर पोती वाहून त्यांनी किती गाड्या भरल्या असतील देव जाणे, पण एकाही गाडीच्या कॅबिनमध्ये त्यांना कधी कुणी बसवलं नाही. दाजींनी ट्रक घेतला तेव्हा वडील नव्हते, आई होती. तिला त्यांनी धरून वर चढवलं, पुढच्या सीटवर बसवलं आणि हडपसरपर्यंत फिरवून आणलं. मग गाडी निळीशार रंगवून तिच्या कपाळावर आईचं नाव घातलं, काशीबाई. तेव्हापासून ट्रकला आमच्या घरात कुणी ट्रक म्हणत नाही. काशीबाई नाशिकला गेली, काशीबाईचा टायर बसला, काशीबाईला आज पाणी घातलं नाही, असंच सगळं चालतं. मी शिकवते त्या शाळेतल्या बाई बरेच दिवस समजत होत्या की आमच्याकडे कुणी हट्टी म्हातारी आहे.

ट्रक घेतलेल्या माणसाला दोन तऱ्हांनी जगता येतं, हे ज्ञानही मला दाजींमुळेच झालं. एक तर गाडी एखाद्या मोठ्या कंपनीला लावायची. गाडी तुमची, पण माल कंपनीचा, रस्ता कंपनीचा, वेळ कंपनीची. ते सांगतील तिथे जायचं, सांगतील तेव्हा यायचं आणि महिन्याला ठरलेलं घ्यायचं. नाहीतर गाडी मोकळी ठेवायची. ट्रान्सपोर्टच्या ऑफिसबाहेर बाकड्यावर जाऊन बसायचं, आज कुठलं भाडं आलंय विचारायचं, पटलं तर भरायचं, नाही पटलं तर चहा प्यायचा. भाडं म्हणजे त्यांच्या भाषेत मालाची खेप. दाजी अर्थातच मोकळे, आणि त्यांचं पटणं ही मोठी अवघड गोष्ट. सिमेंट ते भरत नाहीत, कारण "आठवडाभर मी पुतळ्यावानी दिसतो." बाटलीबंद पाणी भरत नाहीत. "पाणी काय ट्रकातनं न्यायची वस्तू हाय? ते आपलं आपलं वाहतं." साबणाची पावडर नको, कारण तिच्या वासानं दिवसभर न्हाणीत बसल्यासारखं वाटतं. त्यांना आवडतं ते हळद, गूळ, बेदाणे, केरसुण्या, बांगड्या आणि शाळेचे बाक. हळदीवर तर त्यांचा इतका जीव, की दुप्पट भाडं देणाऱ्या खताला नाही म्हणून त्यांनी हळद भरलेली मी पाहिली आहे. आमच्या विश्रांतवाडीच्या फ्लॅटच्या वास्तूच्या दिवशी ते परस्पर सांगलीहून हळद घेऊनच आले. गाडी सोसायटीच्या फाटकातून आत घातली, ताडपत्री थोडी सैल होती, वारं सुटलं होतं. आमच्या सोसायटीचे चेअरमन पांढऱ्या सदऱ्यात उभे होते. ते घरी गेले तेव्हा त्यांच्या बायकोनं विचारलं म्हणे, कुणाची हळद लागली तुम्हाला?

त्यांचं घर ज्यानं पाहिलं नाही त्याला त्याची कल्पना द्यायची कशी, हा मला नेहमी प्रश्न पडतो. माल उतरवून झाला की माल घेणारा धनी कधी कधी खुशीनं एखादी वस्तू ड्रायव्हरला, चुकले, मालकाला देतो. कोपरा उडालेली फरशी, शिल्लक राहिलेली कडी, जोडीतला एकच राहिलेला कप. दाजी स्वतः होऊन कधी मागत नाहीत, पण दिलेलं कधी नाकारतही नाहीत. त्या सगळ्या फरश्या त्यांनी घरात बसवल्या. पुढच्या खोलीत एक फरशी दुसरीसारखी नाही. कुठे गुलाब, कुठे ठिपके, एक न्हाणीघरातली खरबरीत, एक कुठल्याशा बँकेच्या जिन्याची. पाहुणा आला की पाणी मिळायच्या आधी त्याला जमिनीची ओळख करून दिली जाते. "तुमी उभं हाय ती मोरबी. डावा पाय उचला, ती शहाबादी. आन् ती निळी, तिच्यावर पाय देऊ नका, ती लई लांबनं आणलीया." माझे यजमान बँकेत आहेत, स्वभावानं नीटनेटके. ते त्या खोलीत शिरले की खाली बघायचं टाळतात, त्यांना गरगरतं.

पस्तीस वर्षं एवढं मोठं धूड वागवल्यामुळे असेल, पण दाजी पायी चालतानाही ट्रकच चालवतात. वळण घ्यायचं झालं तर आधी उलट्या बाजूला सरकतात आणि मग मोठी गिरकी घेऊन वळतात. आमच्या हॉलमध्ये टीपॉय आहे, त्याला वळसा घालून खुर्चीपर्यंत पोचायला त्यांना सगळा हॉल लागतो. नव्या गल्लीत शिरण्याआधी मान वर करून तारा बघतात. लग्नाच्या पंगतीत बसण्याआधी बाहेर पडायला वाट कुठून आहे ते पाहून ठेवतात. आणि दुसऱ्यानं चालवलेल्या वाहनात बसणं म्हणजे तर त्यांना शिक्षाच. एकदा हडपसरहून आमच्याकडे रिक्षानं आले. मागच्या सीटवर बसून दोन्ही पायांनी इतके कचाकच ब्रेक दाबत होते, की येरवड्याला रिक्षावाला मागे वळून म्हणाला, "काका, ब्रेक माझ्याकडे आहे. आपण निवांत बसा." दाजींनी त्याला उरलेल्या रस्त्यात क्लच कसा वाचवायचा ते शिकवलं. उतरले तेव्हा त्यांचे गुडघे दुखत होते आणि रिक्षावाल्याचं डोकं.

पण ह्या सगळ्या तऱ्हा हसण्यावारी नेता येत होत्या. एकच गोष्ट अशी होती की तिला हसताना मला ताईकडे बघायचा धीर व्हायचा नाही. दाजी गेले की कधी येतील हे कुणालाच माहीत नसायचं. दाजींनाही नाही. "जाणं मालकाच्या हातात असतंय, बाई," ते मला म्हणायचे. मी शिक्षिका असल्यामुळे ते मला बाई म्हणतात. "येणं परतीच्या भाड्याच्या हातात." रिकामी गाडी परत आणणं हे त्यांच्या लेखी सर्वांत मोठं पाप. रस्ता, डिझेल आणि काशीबाई ह्या तिघांचा तो अपमान. त्यामुळे माल टाकला त्या गावी परतीचं भाडं मिळेपर्यंत ते बसून राहत, आणि मिळालेलं भाडं पुण्याचंच असेल असं काही नाही. माझं लग्न ठरलं तेव्हा लग्नाला सहा दिवस असताना ते दोन दिवसांत येतो सांगून लातूरला गेले. मग पोस्टकार्डं यायला लागली. 'लातुरातून नागपूरचे भाडे मिळाले. काळजी नसावी.' 'नागपुरातून इंदूरचे मिळाले. माल चांगला आहे.' 'इंदुरात पाऊस नाही. सर्वांस जय भीम.' माझं लग्न लागलं, वरात निघाली, मी सासरी जाऊन चार दिवस झाले, आणि पाचव्या दिवशी सकाळी आमच्या सासरच्या दारात काशीबाई येऊन उभी. दाजी नव्या सदऱ्यात उतरले आणि म्हणाले, "लई घाई केली तुमी." आहेर म्हणून त्यांनी मला इंदूरहून आणलेली एक बांगडी दिली. एकच. दुसरी धन्यानं दिली नव्हती.

हे मी सांगते तेव्हा सगळे हसतात. ताईही हसते. पण ती बत्तीस वर्षं रोज संध्याकाळी दोन भाकऱ्या जास्त टाकत होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच भाकऱ्या दुधात कुस्करून खात होती. त्यांची एकुलती एक मुलगी लग्न होऊन बडोद्याला गेल्यावर घरात ती एकटीच. आमचे हे दाजींना दर भेटीत समजावायचे. "अहो दाजी, गाडी कंपनीला लावून टाका. पगार ठरलेला, सुट्टी ठरलेली, कटकट नाही. मी बँकेत तेच केलं." दाजी शांतपणे ऐकून घ्यायचे आणि म्हणायचे, "पावनं, तुमी माणूस चांगलं हाय. पर बँकेनं तुमाला मालक केलं का?" हे उत्तर आल्यावर आमचे हे पेपर उघडायचे. ताई मध्ये बोलायची नाही. तिनं त्यांना कधीही ह्या बाबतीत एक शब्द विचारला नव्हता, आणि म्हणूनच मला वाटतं दाजींना ही गोष्ट कधी गोष्ट वाटलीच नाही.

तीन वर्षांपूर्वी एका मंगळवारी सकाळी ताई मागच्या मोरीत पाय घसरून पडली. उजवं मनगट मोडलं, कमरेला मार बसला, उठता येईना. फोन आतल्या खोलीत. शेजारच्या वहिनी दुपारी तीनला विरजण मागायला आल्या तोपर्यंत ती तिथेच पडून होती. दाजी तेव्हा हिंगोलीत होते. तीन दिवस बसून होते. साबणाच्या पावडरीचं पुण्याचं भाडं हातात आलेलं त्यांनी परत केलं होतं, कारण हळदीचं मिळेल अशी आशा होती. मी फोन केला. नुसतं "व्हय" म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काशीबाईला परगावी एका पंपावर सोडलं आणि एसटीनं आले. दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात शिरले तेव्हा नीट चालता येत नव्हतं, रस्ताभर ब्रेक दाबून पाय आखडले होते. मला हसू आलं आणि स्वतःची लाजही वाटली. ते ताईच्या खाटेजवळ स्टुलावर बसले. तिच्या अंगावरची चादर सारखी केली. मग ताईच म्हणाली, "माझं काही एवढं दुखत नव्हतं हो. पण पडल्या पडल्या मी मोजायला बघत होते, तुम्ही यायला किती तास आहेत. आणि मला मोजताच येईना. कुठला दिवस धरून मोजायचं तेच माहीत नव्हतं." तिच्या आवाजात तक्रार नव्हती. तक्रार असती तर दाजींनी काहीतरी उलट सांगून वेळ मारून नेली असती. ते उठले, खिडकीशी जाऊन उभे राहिले आणि उपरण्यानं डोळे पुसले. मी दाजींना रडताना पाहिलेलं ते पहिलं आणि शेवटचं.

महिन्याभरानं ते आमच्याकडे आले ते हातात चौदा पानांचा इंग्रजी करारनामा घेऊन. वाघोलीकडच्या एका मोठ्या मालवाहतूक कंपनीचा. आमच्या ह्यांना कोण आनंद! चष्मा लावून ते कलमामागून कलम समजावून सांगू लागले. गाडी पांढरी रंगवावी लागेल, कंपनीचं चिन्ह लागेल. अंगात कंपनीचा शर्ट. गाडीत ट्रॅकर बसेल, वीस मिनिटांपेक्षा जास्त थांबायचं झालं तर कळवायचं. पुणे ते लातूर एवढाच रस्ता. जाताना कंपनीचे फ्रिज, येताना रिकामी गाडी, दुसऱ्या कुणाचाही माल भरायचा नाही. मी दाजींच्या तोंडाकडे बघत होते. रिकामी गाडी ऐकून त्यांच्या गालाचा स्नायू हलला. शेवटी एवढंच विचारलं, "घरी कुठल्या दिवशी येईन, ते लिवलंय का त्यात?" आमच्या ह्यांनी शेवटचं पान काढून दाखवलं. बुधवार आणि शनिवार, दुपारी चारपर्यंत. दाजींनी ते पान हातात धरून दोनदा वाचलं आणि सही केली. संपर्काचा नंबर म्हणून माझा दिला, कारण "मी गाडी चालवताना फोन घेत न्हाय, आन् ती घरात फोन कुठं ठेवती तिलाच ठावं न्हाय." हडपसरच्या पेंटरनं काशीबाईचं नाव पांढऱ्या रंगाखाली घातलं तेव्हा दाजी रस्त्याच्या पलीकडे पाठ करून उभे होते. दोन हात दिले तरी अक्षरं पुसट दिसत होती, म्हणून तिसरा द्यावा लागला.

मग माझे फोनचे दिवस सुरू झाले. आठवीच्या वर्गात कर्मणी प्रयोग शिकवत असताना फोन वाजायचा आणि कंपनीतली ट्रॅकिंगवाली मुलगी म्हणायची, "मॅम, तुमच्या ड्रायव्हरचं व्हेईकल अनस्केड्यूल्ड हॉल्टवर आहे. ट्वेंटी सिक्स मिनिट्स झाली. काही इश्यू आहे का?" मी वर्गाबाहेर येऊन दाजींना फोन लावायचा. "दाजी, का थांबलात?" "टरबूज खातुया." मी त्या मुलीला सांगायचं, "टायर बघतायत." तिसऱ्या वेळेला ती म्हणाली, "मॅम, त्यांचा टायर नेहमी टरबुजाच्या स्टॉललाच कसा बसतो? मॅपवर दिसतं ना मला." पोरगी हुशार होती. पुढच्या बुधवारी दाजींनी वाघोलीच्या ऑफिसात तिच्या टेबलावर एक भलंमोठं टरबूज नेऊन ठेवलं आणि सांगितलं, "ड्रायव्हर न्हाय म्हनायचं. मालक म्हनायचं." तेव्हापासून तिचा फोन आला की "मॅम, मालक परत थांबलेत" अशी सुरुवात होऊ लागली. मुख्याध्यापिकांना वाटायचं, घरमालकांचा काही त्रास आहे.

आणि खरं सांगायचं तर ताईचे ते आठ महिने फार सुखाचे गेले. मनगट जुळलं, कमर सुधारली, चेहऱ्यावर तकाकी आली. बुधवारी, शनिवारी पावणेचारला ती पातळ बदलायची, केस नीट करायची. साठीची बाई! चारला गाडीचा हॉर्न वाजायचा. बत्तीस वर्षांत पहिल्यांदा तिनं भाकऱ्या मोजून टाकल्या. पण हळूहळू दाजी बोलायचे कमी झाले. लोणीच्या घरी गेलं तर ते खाटेवर बसलेले, फरशीकडे बघत. पाहुण्यांना मोरबी दाखवेनात. मी विचारलं तर म्हणाले, "रिकामी गाडी लई खडखडती, बाई. लातूरपासनं हितपर्यंत पत्रा बोंबलत असतो. रस्त्याच्या कडंला लोकं माल घिऊन उभी असत्यात, हात करत्यात, आन् मी रिकामा त्यांच्या म्होरनं जातो. तोंड लपवावंसं वाटतंय." ताईला हे दिसत होतं. ती एकदा मला निरोप द्यायला कोपऱ्यापर्यंत आली तेव्हा म्हणाली, "वेळेवर येतात गं अगदी. पण आल्यावर घरात असल्यासारखे नसतात." मी म्हटलं, "अगं, होईल सवय." मी खोटं बोलत होते आणि ते तिला कळत होतं.

मग तो शनिवार आला. दुपारी बाराला फोन वाजला. शाळा सुटली होती, मी बसस्टॉपवर होते. "मॅम, मालक रूटच्या बाहेर गेलेत. बार्शीच्या पुढे आतल्या कुठल्या तरी गावात. आणि आमच्या दुसऱ्या ड्रायव्हरनं एक फोटो पाठवलाय. मला कळत नाहीये कसं सांगू. मॅम, गाडीत घोडे आहेत."

"घोडे?"

"लाकडी आहेत, मॅम. रंगीत. वरून डोकी बाहेर आलीयेत."

मी कपाळाला हात लावला. झालं होतं असं की जत्रेत फिरता पाळणा लावणारं एक कुटुंब रस्त्यात उभं होतं. लाकडी घोड्यांचा गोल पाळणा. त्यांच्या टेम्पोचा आस मोडलेला, घोडे खाली मातीत उतरवून ठेवलेले, आणि तिसऱ्या गावात दुसऱ्या दिवशी जत्रा. त्यांनी येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येक गाडीला हात केला होता. आठ महिने दाजींनी अशा हातांकडे बघणं टाळलं होतं. त्या दिवशी त्यांना ते जमलं नाही. सोळा घोडे भरले, आतल्या गावात नेऊन उतरवले आणि पाळणा उभा करायलाही हात लावला, कारण दाजी माल नुसता टाकून येत नाहीत. लोणीला पोचायला त्यांना साडेसहा वाजले. ताई चारपासून उंबऱ्यात बसून होती.

सोमवारी कंपनीनं करार मोडला. दाजी आमच्याकडे आले ते पेढ्यांचा पुडा घेऊन. मी आणि ते लोणीला गेलो. रस्ताभर त्यांची टकळी चालू होती. घोड्यांचे रंग, त्यांच्या शेपट्या, एक घोडा एका डोळ्यानं आंधळा होता तो. आठ महिन्यांचं बोलणं त्यांनी त्या तासाभरात संपवलं. घरी शिरल्या शिरल्या त्यांनी ताईच्या हातावर पेढा ठेवला आणि म्हणाले, "काढलं आपल्याला!" जणू बढती मिळाली होती. ताईनं पेढा खाल्ला. "बरं झालं," ती म्हणाली. "तुमचा जीव रमत नव्हता तिथे. काशीबाईला रंग द्या आधी." अगदी मनापासून म्हणाली. मग ती पाणी आणायला आत गेली. आता पुढचं भाडं कुठलं, कधी निघणार, कधी येणार, तिनं काही म्हणता काही विचारलं नाही. दाजी तिच्या पाठमोऱ्या आकृतीकडे बघत राहिले. त्यांची टकळी बंद पडली. ती पुन्हा न विचारण्याच्या सवयीला लागली, हे त्यांना तिथल्या तिथे कळलं असावं. मला तर कळलंच.

पुढच्या मंगळवारी निळी काशीबाई पशुखाद्य घेऊन नांदेडला निघाली. शनिवारी मी मुद्दाम लोणीला गेले. म्हटलं, आठ महिन्यांची सवय झालेली, आज चार वाजता ताईला एकटीला बरं वाटणार नाही. आम्ही दोघी जेवलो, इकडचं तिकडचं बोललो. ताईनं पातळ बदललं नव्हतं. चारच्या सुमाराला तिनं दोन कप चहाचं आधण ठेवलं. घड्याळाकडे बघितलं नाही, मी बघितलं. चारला पाच कमी होते.

आणि हॉर्न वाजला. ताईच्या हातात साखरेचा चमचा होता तो तसाच राहिला. मी बाहेर धावले. काशीबाई उभी होती, मागे फाळका मोकळा हलत होता, आत माल सोडाच, केरसुणीची काडीही नव्हती. नांदेडपासून लोणीपर्यंत दाजी गाडी रिकामी घेऊन आले होते. दाजी! मी विचारलं, "दाजी, परतीचं भाडं नाही मिळालं?"

"मिळालं की. हळदीचं." त्यांनी चपला झटकल्या. "सोमवारी भरणार व्हते."

"मग?"

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, की मी आठवीच्या वर्गात ढ मुलाकडेही तसं कधी बघितलं नसेल.

"मग काय, बाई? आज शनवार न्हाय का?"

ताई दारात येऊन उभी होती. तिनं ऐकलं. वळून आत गेली, आणि पातेल्यात आणखी एक कप पाणी ओतल्याचा आवाज मला आला. पाणी उकळायला जेवढा वेळ लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती स्वयंपाकघरात थांबली. दाजी खाटेवर बसले आणि मला पशुखाद्याच्या वासाबद्दल सांगू लागले. तो वास त्यांना आवडला नव्हता.

तेव्हापासून हे असंच चाललंय. जातात मर्जीनं, वाटेल ते भरतात, पाणी आणि सिमेंट अजून नाकारतात, पण शनिवारी दुपारी गाडी लोणीत असते. माल मिळाला तर मालासकट, नाहीतर रिकामी. बाकड्यावरचे ट्रकवाले त्यांना चिडवतात की कंपनीनं सोडलं पण ह्यांनी कंपनी सोडली नाही. रिकामी गाडी आणणं पाप आहे, हे मत दाजींनी बदललेलं नाही. ते पाप ते करतात, एवढंच. आमचे हे म्हणतात की ह्यात दोन्हीकडून नुकसान आहे, धड कंपनीची शाश्वती नाही आणि धड मोकळ्या गाडीची कमाई नाही. त्यांचं म्हणणं बरोबरच आहे. दाजी आता पासष्टीला आलेत. मोतीबिंदू पिकत चाललाय, डॉक्टर दरवेळी मान हलवतात. एक दिवस काशीबाई विकावी लागणार हे त्यांना, ताईला आणि मलाही ठाऊक आहे, आणि त्याबद्दल कुणी बोलत नाही.

माझं मात्र एक झालंय. आमचे हे सत्तावीस वर्षं रोज संध्याकाळी सव्वासहाला घरी येतात. एक दिवस चुकले नाहीत, आणि मी एक दिवस दाराकडे बघितलं नाही. हल्ली सहा वाजले की मी गॅलरीत जाऊन उभी राहते. परवा ह्यांनी खालून वर बघून विचारलं, "काय गं, काही झालंय का?" मी म्हटलं, "काही नाही. या वर. चहा टाकते."